दिसलं का?

पाडव्याच्या आदल्या रात्री मी खोटं बोललो. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, स्वतःच्या शेतात, स्वतःच्या नातीसमोर. खोटं फार मोठं नव्हतं. एकच शब्द होता : 'दिसलं.'

गोष्ट २९ मार्च २०२५ ची. शनिवार होता, फाल्गुनातली अमावास्या होती, आणि दुसऱ्या दिवशी गुढी उभारायची म्हणून आम्ही सगळे गावी जमलो होतो. आमचं गाव साताऱ्याच्या पूर्वेला, माण तालुक्यात. इथं पाऊस कायम उधारीवर. पण त्याची भरपाई म्हणून की काय, आभाळ मात्र रोख मिळतं. उन्हाळ्याच्या तोंडाशी चांदणं असं पडतं, की अंगणात झोपलेल्या माणसाला पांघरूण ओढून घ्यावंसं वाटावं.

पुतण्यानं येताना गाडीत दुर्बीण घालून आणली होती. हा पुण्यात इंजिनियर आहे, पण त्याचा खरा जीव आकाशात. आठ इंच व्यासाची काचेची चकती कार्बोरंडमच्या भुकटीनं महिनोन् महिने हातानं घासून त्यानं स्वतः आरसा तयार केला आहे. तो आरसा एका लांब नळीत तळाशी बसवलेला, आणि नळी लाकडी खोक्यावर जुन्या तोफेसारखी रोवलेली. जेवणं झाल्यावर गुरूचे चंद्र झाले, मृगातला तेजोमेघ झाला. सगळ्यांनी 'आहाहा' केलं. मग बारा वाजून गेल्यावर पुतण्या म्हणाला, ''काका, आता एक अवघड गिऱ्हाईक दाखवतो.'' त्यानं दुर्बीण दक्षिणेकडे वळवली, बराच वेळ खाली-वर केली आणि बाजूला झाला. ''एम ८३. दीर्घिका आहे. बघा, दिसते का.''

मी डोळा लावला. काळपट राखाडी वर्तुळ, त्यात चार-दोन तारे. बाकी काही नाही. माझ्या मागे रांग होती : ही, मुलगी, जावई, शेजारचे दोघे. पाठीवर सगळ्यांच्या नजरा जाणवत होत्या. मी म्हणालो, ''हो, दिसलं. वा!'' माझ्यामागून आलेल्या प्रत्येकानं 'दिसलं' म्हटलं. शेवटी माझी सहावीतली नात स्टुलावर चढली. दोन मिनिटं बघत राहिली आणि खाली उतरून म्हणाली, ''मला नाही दिसलं.''

''अगं, नीट बघ,'' तिची आजी म्हणाली, ''आजोबांना दिसलं ना!''

मी गप्प बसलो.

त्या रात्री झोप आली नाही. जे दिसलं नव्हतं ते काय होतं, एवढं तरी समजून घ्यावं, म्हणून सकाळी गुढीची पूजा उरकल्यावर पुतण्याला कोपऱ्यात घेतलं. पुढचा महिनाभर वाचत राहिलो. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला एक सवय असते. पात्र भेटलं की त्याच्या घरादाराची चौकशी केल्याशिवाय चैन पडत नाही.

एम ८३ ही सर्पिल दीर्घिका आहे. म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखीच अब्जावधी ताऱ्यांची एक वस्ती, मधे उजळ गाभा आणि त्याभोवती भोवऱ्यासारखे वळत गेलेले बाहू. तिचं अंतर सुमारे दीड कोटी प्रकाशवर्षं. आज जो प्रकाश माणच्या माळावर उतरतो, तो निघाला तेव्हा पृथ्वीवर माणूस नावाचा प्राणीच नव्हता. सह्याद्रीचा काळा कातळ मात्र तेव्हाही जुनाच होता.

तिचा पत्ता सोपा आहे. कन्या राशीतली चित्रा आपण सगळेच ओळखतो. चित्रा दक्षिणेला डोक्याच्या खाली आली, की तिच्या सरळ खाली एक मध्यम तेजाचा तारा दिसतो, तो वासुकीचा. त्याच्या तेवढंच आणखी खाली नरतुरंगातला एक ठळक तारा. या दोघांच्या जवळपास मधोमध एम ८३ आहे. पण पत्ता सापडला म्हणजे घरचा माणूस भेटतोच असं नाही.

अडचण अशी, की तिचा एकूण उजेड तसा फार कमी नाही. साध्या डोळ्यांना कसेबसे दिसणारे तारे असतात, त्यांच्याहून थोडासाच कमी. पण ताऱ्याचा उजेड एका टिंबात गोळा झालेला असतो. दीर्घिकेचा पसरलेला असतो, चंद्रबिंबाच्या जवळजवळ निम्म्या रुंदीवर. एक चमचा तूप वाटीत असलं तर डोळ्यांत भरतं. तेच मोठ्या परातीभर पसरलं तर भांडं कोरडंच वाटतं. आणि परातीवर वरून उजेडाचा झोत पडला, तर संपलंच.

हे काही माझ्याच नशिबी आलेलं नाही, हे वाचून जरा बरं वाटलं. ही दीर्घिका पहिल्यांदा टिपली निकोला-लुई द लाकाय या फ्रेंच धर्मगुरूनं, १७५२ च्या फेब्रुवारीत. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केप ऑफ गुड होपला तो दक्षिणेचं आकाश मोजायला गेला होता. वर्षभराच्या आत त्यानं सुमारे दहा हजार ताऱ्यांच्या नोंदी केल्या. आपल्या चोपड्या लिहिणाऱ्यांनी ऐकावं : हे काम त्यानं केलं ते अवघ्या अर्ध्या इंचाच्या, आठ पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीनं. एम ८३ त्याला दिसली ती आकार नसलेला एक लहानसा धुरकट डाग म्हणून. तेवढंच त्यानं लिहिलं. दीर्घिका हा शब्द त्याच्याकडे नव्हता. हे डाग म्हणजे आपल्याबाहेरची ताऱ्यांची गावं आहेत, हे पक्कं व्हायला विसाव्या शतकाची पंचविशी उजाडावी लागली.

लाकायनंतर एकोणतीस वर्षांनी, १७ फेब्रुवारी १७८१ रोजी, शार्ल मेसियेनं ती पॅरिसहून पाहिली. 'एम' हे अक्षर त्याचंच, आणि त्र्याऐंशी हा त्याच्या यादीतला क्रमांक. पॅरिसहून ही दीर्घिका क्षितिजापासून जेमतेम अकरा अंश वर येते, म्हणजे धूर, धुकं आणि घरांची धुराडी यांच्यातून बघायची. मेसियेनं प्रामाणिकपणे नोंदवून ठेवलं आहे, की अत्यंत एकाग्र होऊन बघितलं तरच ती दिसते, आणि मोजमापाच्या तारांवर अगदी किंचित उजेड पाडला तरी नाहीशी होते. माणच्या माळावरून तीच दीर्घिका बेचाळीस अंशांवर येते. युरोपातल्या भल्याभल्यांना मान वाकवून शोधावं लागतं, ते आपल्याकडे उशी-चादर घेऊन बघण्यासारखं आहे. आणि तरी मला दिसलं नव्हतं. न दिसण्याचं वाईट वाटत नव्हतं. वाटत होतं ते मेसियेच्या प्रामाणिकपणाचं. तो धूमकेतू शोधणारा नावाजलेला माणूस, पण 'कष्टानं दिसतं' हे लिहायला त्याला लाज वाटली नाही.

इथं मला माझी जुनी एक गोष्ट सांगितली पाहिजे.

१९८४ साली मी बँकेत नव्यानं अधिकारी झालो होतो. तालुक्याच्या गावची शाखा, महिन्याची पहिली तारीख, काउंटरवर ही गर्दी. चेक पास करणं माझ्याकडे होतं. नियम असा, की चेकवरची सही खातेदाराच्या नमुना सहीच्या कार्डाशी ताडून बघायची आणि मगच आपली सही करायची. त्या दिवशी एका निवृत्त शिक्षकांचा बाराशे रुपयांचा चेक आला. कार्डांचा खण दोन पावलांवर होता. मी उठलो नाही. गुरुजींची सही काय, ओळखीचीच आहे, असं म्हणून पास केला. चार दिवसांनी गुरुजी पासबुक घेऊन आले. सही त्यांची नव्हती. घरातल्याच कुणीतरी केली होती.

गुरुजींचे पैसे बँकेनं परत दिले आणि ते माझ्या पगारातून सहा हप्त्यांत वळते झाले. मेमो मिळाला. पण लागलं ते वेगळंच. गुरुजी मला म्हणाले, ''साहेब, तुम्ही बघितलं असतं तर तुम्हाला कळलं असतं.'' त्यात राग नव्हता. उलट माझ्या नजरेवर विश्वास होता. आमचे जुने हेड कॅशियर संध्याकाळी चहा पिताना म्हणाले, ''सही वाचायची नसते हो, बघायची असते. हजार खऱ्या सह्या बघा, मग खोटी आपोआप खुपते.'' पुढची चौतीस वर्षं मी उठून कार्ड बघितल्याशिवाय एकही चेक पास केला नाही. आणि निवृत्तीनंतर, एका अंधाऱ्या रात्री, कुणी मागितलीही नसताना, मी न बघता सही करून मोकळा झालो होतो.

म्हणून पुतण्याला फोन केला आणि खरं काय ते सांगितलं. तो हसला. म्हणाला, ''काका, पहिल्या खेपेला बहुतेकांना दिसत नाही. बहुतेक सगळे 'दिसलं'च म्हणतात.'' मग त्यानं मला बघायला शिकवलं.

आपल्या डोळ्याच्या मध्यभागी ज्या पेशी असतात, त्या रंग आणि बारकावे टिपतात, पण त्यांना भरपूर उजेड लागतो. अंधुक उजेडात काम करणाऱ्या पेशी कडेच्या बाजूला जास्त असतात. त्यामुळे फिकट वस्तूकडे रोखून बघितलं की ती नाहीशी होते, आणि नजर जरा बाजूला ठेवून, तिच्या शेजारच्या ताऱ्याकडे बघत राहिलं, की ती कडेनं हळूच उमटते. या पेशी जाग्या व्हायला अर्धा तास अंधार लागतो. मोबाइलचा एक झगमगाट झाला की तो अर्धा तास पुन्हा पहिल्यापासून. आमची मंडळी त्या रात्री दर पाच मिनिटांनी मोबाइल काढत होती.

वयाचाही हिशेब आहे. तरुणपणी अंधारात डोळ्याची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते; आमच्या वयाला पाचावर थांबते. म्हणजे मला मुळातच नातीच्या निम्माच उजेड मिळतो. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला आहे, डाव्याचा व्हायचा आहे. शिल्लक तुटपुंजी आहे, तेव्हा खर्च जपून करायचा. पुतण्याच्या आठ इंची आरशाचं क्षेत्रफळ माझ्या बाहुलीच्या दीड हजार पटीहून जास्त आहे, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू.

ही दुर्बीण अशी काही मोठी नाही, पण हौशी माणसांनी असल्याच दुर्बिणींनी काय काय केलं आहे, हे वाचून मी थक्क झालो. आणि त्यातल्या दोन गोष्टी नेमक्या एम ८३ च्याच आहेत.

मोठा तारा आयुष्याच्या शेवटी फुटतो, तेव्हा काही आठवडे तो त्याच्या अख्ख्या दीर्घिकेच्या तोडीस तोड झळकू शकतो. त्याला अतिनवतारा म्हणतात. आपल्या आकाशगंगेत साध्या डोळ्यांनी बघितला गेलेला शेवटचा अतिनवतारा १६०४ सालचा. एम ८३ मध्ये मात्र १९२३ ते १९८३ या साठ वर्षांत सहा नोंदले गेले. त्यातला पाचवा सापडला दक्षिण आफ्रिकेतल्या जॅक बेनेट यांना, १६ जुलै १९६८ रोजी. बेनेट प्रिटोरियाचे हौशी निरीक्षक. पाच इंची दुर्बिणीनं ते धूमकेतू शोधत असत. धूमकेतूसारखे दिसून फसवणाऱ्या वस्तूंची त्यांनी स्वतःची यादी केली होती, आणि त्या यादीतल्या वस्तू ते पुन्हा पुन्हा बघत. त्या रात्री ओळखीच्या एम ८३ मध्ये एक तारा जास्तीचा दिसला. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९६९ मध्ये, त्यांनी शोधलेला धूमकेतू १९७० च्या वसंतात जगभर साध्या डोळ्यांनी दिसला.

सहावा अतिनवतारा सापडला ऑस्ट्रेलियातले पाद्री रॉबर्ट इव्हान्स यांना, ३ जुलै १९८३ रोजी. चर्चचं काम सांभाळून हा माणूस रात्री दुर्बिणीला डोळा लावून एकेका दीर्घिकेकडे काही क्षण बघत असे. शेकडो दीर्घिकांभोवतीच्या ताऱ्यांची मांडणी त्यांना पाठ होती. नकाशा नाही, फोटो नाही. एखादा तारा जास्तीचा असला की त्यांना खुपे. एम ८३ मधला तो तारा पूर्ण तेजाला पोचण्याच्या आधीच सापडल्यामुळे शास्त्रज्ञांना त्याचा सुरुवातीपासून अभ्यास करता आला, आणि अतिनवताऱ्यांचा एक निराळा प्रकार ओळखायला त्याची मदत झाली. असे चाळीसहून अधिक अतिनवतारे इव्हान्स यांनी डोळ्यांनी शोधले. २०२२ मध्ये ते वारले.

हजार खऱ्या सह्या बघा, मग खोटी आपोआप खुपते. आमच्या हेड कॅशियरांनी दुर्बीण कधी बघितली नसेल. पण ते आणि इव्हान्स एकाच पेढीवरचे.

आज हे काम यंत्रं करतात. संगणकाला जोडलेले कॅमेरे एका रात्रीत आकाशाचा केवढा तरी भाग चाळतात आणि फरक स्वतःच शोधतात. बँकेतही आता सही क्वचितच कुणी बघतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. यंत्र दमत नाही आणि पहिल्या तारखेच्या गर्दीला भीत नाही. एम ८३ चे रंगीत फोटोही आता घरबसल्या मिळतात, गुलाबी ठिपक्यांनी भरलेले, डोळे दिपवणारे. मी नातीला ते दाखवले असते तर प्रश्न मिटला असता. पण तिनं विचारलं होतं ते दीर्घिका कशी असते हे नाही. आजोबांना दिसलं ते मला का दिसत नाही, हे तिचं दुखणं होतं. त्याचं उत्तर फोटोत नव्हतं.

परीक्षा संपून ती सुट्टीला आली, आणि २६ एप्रिलच्या रात्री, चैत्र अमावास्येच्या आदल्या दिवशी, आम्ही पुन्हा शेतात जमलो. एक काम मी आधी करून ठेवलं होतं. आमच्या शेताच्या दक्षिणेला गाव आहे, आणि मंदिरासमोर दोन वर्षांपूर्वी हायमास्ट दिवा लागला आहे. त्याचा पांढरा उजेड नेमका आम्हाला हव्या त्या आभाळावर चढतो. मी सरपंचांकडे गेलो, म्हणालो, अकरा ते एक एवढा दिवा बंद ठेवता येईल का? ते म्हणाले, ''रातच्याला काय बघताय एवढं?'' मी सांगितलं. ते म्हणाले, ''व्हय की. लाइट तशीबी जातीच. आज तुमच्या नावावर जाईल.'' हा दिवा बायाबापड्यांना हवा आहे, हे मला कळतं. पण त्याला वरून टोपी घातली, तर उजेड रस्त्यावर पडेल आणि आभाळ सुटेल, हेही मी त्यांच्या कानावर घातलं आहे. बघू.

नातीला मी बांधावर बसवलं आणि आधी कबुली दिली. ''पाडव्याच्या आदल्या दिवशी मला दिसलं नव्हतं. मी उगाच म्हणालो.'' ती माझ्याकडे बघत राहिली. अंधारात तिचा चेहरा दिसत नव्हता, ते बरंच झालं. मग तिनं विचारलं, ''का म्हणालात?''

''लाज वाटली.''

''मला पण वाटली होती,'' ती म्हणाली.

मोबाइल घरी ठेवले होते. अकरा वाजता गावावरचा पांढरा उजेड गेला, आणि दक्षिणेकडचे तारे एकदम जवळ आल्यासारखे वाटले. अर्धा तास आम्ही नुसते बसलो. मग पुतण्यानं दुर्बीण लावली. मी आधी ताऱ्यांची ओळख करून घेतली, उजवीकडचा, खालचा, मग जोडीचा. त्यातल्या एकावर नजर ठेवून श्वास सावकाश घेत राहिलो. दोन मिनिटं काही नाही. मग कडेला, काचेवर कुणी उच्छ्वास सोडावा तसं काहीतरी उमटलं. बघायला गेलो तर गेलं. नजर बाजूला घेतली, पुन्हा आलं. मधे जरा दाट, भोवती लांबट विरळ. पुतण्यानं नळीला हलकेच बोटानं टिचकी दिली. तो डाग ताऱ्यांबरोबर हलला. डोळ्यातला भास असा हलत नाही. बाहू वगैरे काही दिसले नाहीत. दिसला तो लाकायला दिसला होता तेवढाच, आकार नसलेला लहानसा डाग. दीड कोटी वर्षांचा प्रवास करून आलेला पाहुणा दारात उभा होता, आणि मागच्या खेपेला मी त्याच्याकडे न बघताच 'या, या' म्हणालो होतो.

मी काही बोललो नाही. उतरलो आणि स्टूल तिच्याकडे सरकवलं. आमचं ठरलं होतं, की कुणी कुणाला विचारायचं नाही. पाठकोऱ्या कागदावर वर्तुळ काढून ठेवलं होतं. ज्याला जे दिसेल ते त्यानं लाल कागद गुंडाळलेल्या बॅटरीच्या उजेडात पेन्सिलीनं काढायचं, आणि खाली तारीख, वेळ आणि सही.

ती बराच वेळ बघत होती. मग खाली बसून तिनं तारे मांडले, आणि त्यांच्यामधे पेन्सिलीची पूड बोटानं घासून एक पुसट डाग काढला. सकाळी उजेडात आम्ही दोघांचे कागद शेजारी शेजारी ठेवले. डागाची जागा दोन्हीकडे तीच होती. माझ्या कागदाखाली मी लिहिलं होतं, 'दिसलं.' तिनं आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'बहुतेक दिसलं. परत बघायला पाहिजे.' आणि खाली सही.

बँकेत असतो तर मी तिचाच कागद पास केला असता.